नीलाची बोटं

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या त्या लॅबमध्ये नीला दिवसभर सी अर्चिन फोडायची. समुद्रातले ते काटेरी गोळे. त्यांच्या कवचातला जांभळट लाल रंग काढायचा आणि पंजे मुद्दाम सुजवलेल्या उंदरांना टोचायचा. दुसऱ्या दिवशी उंदरांची सूज ओसरलेली असायची. टोचणारीच्या बोटांची मात्र सकाळी मूठही वळत नव्हती. संधिवात, आणि तोही ऐन सत्ताविशीत!

तिनं ते लपवलं होतं. हात गेले की लॅब गेली, लॅब गेली की व्हिसा, आणि मग पीएचडी अर्धवट टाकून नागपूरला परत. म्हणून ग्लोव्हज ती सगळ्यांच्या आधी चढवायची आणि सगळ्यांच्या नंतर काढायची.

२००५ सालचा गणपती. लॅबचे प्रमुख चंद्रशेखर सर पुण्याचे. त्यांच्याकडच्या गणपतीला विद्यार्थिनींनी मोदक वळायचे, असा रिवाजच होता. सरांच्या बायकोनं, मालिनीकाकूंनी, उकड पुढं सरकवली. "नागपूरची असलीस म्हणून काय झालं गं? कळ्या तर पाडशील!" सरांच्या घरी नाही कसं म्हणायचं, म्हणून ही बावळट मुलगी बसली. पहिल्याच मोदकाला उकड फाटली, सारण ताटात सांडलं. बोटं लालबुंद, सांधे टम्म फुगलेले.

फोटो काढणारे सर थबकले. "नीला, कधीपासून हे?" इतक्या मायेनं विचारलं की तिचे डोळे भरून आले. तिनं सगळं सांगून टाकलं.

"अगं, आधी बोलायचंस ना! डोन्ट वरी, आपण बघू."

आणि सरांनी बघितलं. सोमवारी तिचे उंदीर प्रथमेश नावाच्या नव्या विद्यार्थ्याकडे गेले. "तुझे हात स्टेडी नाहीत, डेटा खराब होईल," सर म्हणाले. पेपरवरचं नाव गेलं, पुढच्या सेमिस्टरचं फंडिंगही गेलं. असली माया विद्वानांनाच जमते.

डिसेंबरात औषध कंपनीच्या लोकांपुढं सरांचं प्रेझेंटेशन होतं. लॅपटॉपची कळ दाबायला नीला. तेवढंच काम तिला उरलं होतं. पहिल्याच स्लाइडवर पडदाभर तिची बोटं. गणपतीतल्या त्या फोटोतला मोदक कापून टाकला होता, तरी अंगठ्याला चिकटलेली उकड दिसत होती.

"अशा पेशंट्ससाठीच आमची ही धडपड," सर इंग्रजीत, अगदी गहिवरून म्हणाले. लोक हळहळले. हात कुणाचे, ते कुणीच विचारलं नाही.

"नीला, नेक्स्ट."

तिनं वाकड्या बोटानं कळ दाबली. पडद्यावर उंदीर आला, ठणठणीत बरा झालेला.