शेवंतामावशींचं अख्खं सुत्त

सुत्त म्हणताना शेवंतामावशींना कुणी मधेच अडवलं, की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पनवेलच्या बाजारात सुका जवळा आणि बोंबील विकणारी ही बाई. अक्षरओळख नाही. तरुणपणी वस्तीतल्या विहारात राहिलेल्या भन्तेंच्या तोंडून ऐकून ऐकून बुद्धाच्या उपदेशाचं तासाभराचं पाली सुत्त त्यांनी पाठ केलं होतं.

मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. पाली म्हणजे संस्कृतची गरीब मावसबहीण, असं मुलांना खुशाल सांगत आले. मावशींच्या चुका काढायच्या म्हणून छापील पुस्तक घेऊन विहारात बसले आणि दहाव्या मिनिटाला त्यांना थांबवलं. "मावशी, हे मघाशी झालं. पुस्तकात इथे नुसतं 'पे' आहे." पे म्हणजे मागचंच पुन्हा. छापणारे तेवढा मजकूर गाळतात.

"पुस्तक दमलं आसंल, बाई. मी नाय दमले," म्हणत त्यांनी पहिल्यापासून धरलं. पुऱ्या तासात एक शब्द हलला नाही. शिकलेपणाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तरी खोड जाते थोडीच! "पुढे भिक्षूंनी संस्कृतातही ग्रंथ लिहिलेच की," मी म्हटलं.

"लिवू दे ना, चांगलंच हाय. पन दोन भिक्खू बुद्धाला म्हनाले, तुमची वानी वेदाच्या भाषेत बांदू, तवा त्यो नाय म्हनाला. ज्याला त्याला आपल्या बोलीत कलू दे म्हनाला. नायतर माज्यापातुर आली आसती का?"

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वस्तीत दुसऱ्या कुणालाच ते सुत्त अख्खं येत नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवू, असं मी सुचवलं.

"करा की. पन पुडं कुनी म्हनताना चुकलं, तर मोबाईल चूक काडंल का? तुमी पाट करा."

तीन आठवडे, रोज सकाळी, टोपली बाजारात न्यायच्या आधी त्या एकेक ओळ म्हणत आणि मी मागून म्हणे. आवाज बसला की लवंग चघळत, पण एक ओळ सोडू देत नसत. साठीला आलेली मी छड्या खाणाऱ्या पोरीसारखी घाबरून असायचे.

ऑपरेशननंतर भेटायला गेले. गळ्याला पट्टी, तोंडातून शब्द नाही. मी खाटेशेजारी बसून सुरुवात केली. मावशींनी हात उचलला, पंजा माझ्या गळ्यावर ठेवला आणि सुत्त संपेपर्यंत काढला नाही.