येडू मिस्त्री आणि वकिलांची जीप

होटगी रोडवरच्या आपल्या गॅरेजात महादेवप्पांनी वकिलांच्या जीपचं इंजिन उघडलं, एक पिस्टन बाहेर काढला, उजेडाकडं धरला आणि शेजारी उभ्या असलेल्या येडूपुढं केला. पिस्टनच्या रिंगा झिजून झिजून पार पात्यासारख्या झाल्या होत्या. चार महिन्यांमागं त्या नव्या करकरीत होत्या आणि येडूनंच बसवल्या होत्या. एकट्यानं. त्याच्या हातचं ते पहिलं इंजिन.

आता येडू म्हणजे काही शाळा शिकून, कारखान्यात उमेदवारी करून आलेला मिस्त्री नव्हे. सांगोल्याकडच्या धनगराचा गडी. तिशी उलटेपर्यंत मेंढरांमागं हिंडलेला. बहात्तरच्या दुष्काळात कळप निम्मा झाला, उरला तो थोरल्या भावालाच पुरेना, तेव्हा बायकोला, तानाबाईला, घेऊन हा सोलापुरात आला आणि महादेवप्पांकडं गाड्या धुवायला लागला. पण गडी चौकस. धुता धुता बघायचा, बघता बघता विचारायचा, आणि एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्याला चार सिलिंडर ध्यानात ठेवायला काय जड जाणार? तीन वर्षांत पान्यावर त्याचा हात असा बसला, की महादेवप्पांसारखा कडू माणूससुद्धा एक दिवस म्हणाला, वकिलांच्या जीपचं इंजिन खोलून, नव्या रिंगा घालून तू भर.

पंचाक्षरी वकील हे बडं प्रस्थ, आणि त्यांचा छंद त्यांच्याहून बडा. लष्कराच्या लिलावात त्यांनी ही जीप घेतली ती कोर्टात जायला नव्हे, कोर्टात ते टांग्यानं जायचे. जीप फक्त रविवारची. उजाडायच्या आत दुर्बीण गळ्यात अडकवायची आणि नान्नजच्या माळावर माळढोक शोधत हिंडायचं. रस्ता बिस्ता काही नाही. ओढ्यातून, खडकातून, पाखरू जाईल तिकडं गाडी. लोक म्हणायचे, वकिलांना वेड लागलंय. लागू दे की! कुणाला पत्त्यांचं लागतं, यांना पाखरांचं लागलं. कुणाच्या बापाचं काय गेलं?

पहिल्यांदा इंजिन भरून झालं तेव्हा प्रश्न निघाला एअर क्लीनरचा. इंजिनालाही माणसासारखा श्वास लागतो, आणि माळावर तो फुफाट्यातूनच घ्यावा लागतो. जीपचा मूळचा क्लीनर जुन्या धर्तीचा होता. पत्र्याचा गोल डबा, त्याच्या बुडाशी काढता-घालता येणारं भांडं, भांड्यात तेल. हवा आत येते, तेलावर आपटते, धूळ तेलात बसते आणि चोख हवा इंजिनात जाते. वकिलांना मात्र पुण्यात एका मित्राच्या गाडीतला कागदी फिल्टर बघून भुरळ पडली होती. तेल नाही, राड नाही, नुसता घड्या घातलेला पांढराशुभ्र कागद.

येडूनं साफ नको म्हणून सांगितलं. मेंढरांमागं चालणाऱ्याला धुळीचं कोण काय शिकवणार? जी डोळ्यांना दिसते ती नाकात अडते, दिसत नाही ती छातीत जाऊन बसते. त्याच्या बापाची छाती अशीच गेली होती. माळावरची ती पिठासारखी धूळ दोन रविवारांत कागद बुजवून टाकील, मग दर खेपेला नवा कागद आणायला पुणं गाठा. तेल कोपऱ्यावर मिळतं. म्हणून जुनाच डबा ठेवायचा ठरलं, आणि गाडी नेताना येडूनं वकिलांना बजावलं, की दर आठवड्याला ते भांडं काढून स्वच्छ धुवायचं, चुकवायचं नाही.

आणि चार महिन्यांत ही गत. गाडी भसाभस निळा धूर सोडत परत आली.

महादेवप्पांचा हिशेब सरळ होता. रिंगा धुळीनं खाल्ल्यात हे तर दिसतंच आहे. पण भांडं दर आठवड्याला धुतलं जातं, एकही आठवडा चुकलेला नाही, असं वकील सांगतात. मग धूळ येणार कुठून? इंजिन भरतानाच आत राहिली असणार. येडू सांगून दमला की प्रत्येक नग रॉकेलनं धुऊन, धोतराच्या मऊ फडक्यानं पुसून बसवला होता. म्हातारा ऐकेना.

"परत भर," ते म्हणाले. "मी शेजारी बसतो. आणि तिसऱ्यांदा उघडायची पाळी आली, तर तू आपला पहिल्यासारखा धुलाईला."

धुलाई म्हणजे काही कमी प्रतीचं काम नव्हे, घाम तितकाच गळतो. पण तानाबाईनं अख्ख्या वस्तीत सांगून ठेवलं होतं की आमचं मालक आता मिस्त्री झालं. येडूलाही मेंढरं गेल्यापासून पहिल्यांदाच वाटायला लागलं होतं, की आपण कुणीतरी आहोत. ते आता हातचं जाणार, या विचारानं त्याला दोन दिवस घास गोड लागला नाही.

वकील तर यावेळी पुण्याहून कागदी फिल्टरचं खोकं घेऊनच आले. येडूनं हात जोडले. एक रविवार जुन्या डब्यावरच काढा, मी संगं येतो, धूळ कुठनं शिरती ते मला माझ्या डोळ्यांनी बघू द्या, म्हणाला. वकील भला माणूस, त्यांनी एक रविवार दिला. इंजिन दुसऱ्यांदा भरलं गेलं. महादेवप्पा स्टूल टाकून डोळ्यांत तेल घालून बसले होते, पण त्यांना बोट ठेवायला जागा सापडली नाही. येडूनं क्लीनरमध्ये ताजं तेल भरलं आणि शनिवारी दुपारी वकील जीप घरी घेऊन गेले.

रविवारी तांबडं फुटताना येडू वकिलांच्या वाड्यामागच्या अंगणात हजर झाला. वकील आत चहा घेत होते. मोरीजवळच्या कट्ट्यावर रात्रीची भांडी घासून पालथी घातली होती. परात, तांबे, कढई, आणि त्यांच्या मधोमध जीपच्या एअर क्लीनरचं भांडं. काय लखलखत होतं! त्यात तोंड बघून भांग पाडावा.

येडू खुळ्यासारखा बघतच राहिला. तेवढ्यात गोजरबाई बाहेर आल्या. वकिलांकडं वीस वर्षं धुणीभांडी करणारी ही बाई, कामाला वाघीण. येडू भांड्याकडं बघतोय म्हटल्यावर त्यांना वाटलं, मिस्त्री कौतुक करतोय. त्यांनी खुलून सगळी हकीकत सांगितली. दर शनिवारी मालक ते भांडं काढून देतात. पहिल्या खेपेला लई चिकटा होता मेल्याला. आधी आतलं काळं तेल मोरीत ओतलं, मग चिंच, मग राख, मग काथ्यानं घासलं. पुढं नुसती मातीच निघायची, काल मात्र परत तेल निघालं, तेही ओतून घासलं.

येडूनं हळूच विचारलं, की घासल्यावर नवं तेल कोण भरतं?

"नवं तेल?" गोजरबाई म्हणाल्या. "येवढं घासायचं आन परत तेलकट करायचं व्हय? खुळा का काय तू?"

म्हणजे पहिल्या आठवड्यानंतर त्या भांड्यात तेलाचा थेंब नव्हता. ज्या वकिलांना कायद्याची कलमं पाठ, त्यांनाही वाटत होतं की ते तेल म्हणजेच घाण, आणि ती काढायलाच मिस्त्रीनं सांगितलंय. कोरडं भांडं खटकन बसवायचे आणि समाधानानं माळावर निघायचे. इंजिन बिचारं चार महिने नुसता फुफाटा पीत होतं.

येडूला आधी नाचावंसं वाटलं. रिंगा बरोबर बसल्या होत्या! हाताला दोष नव्हता! मग संताप आला. आणि संतापाच्या पाठोपाठ त्याला आपलेच शब्द आठवले. स्वच्छ धुवायचं, चुकवायचं नाही. एवढंच तर आपण बोललो होतो. धुतल्यावर तेल भरा, हे काय सांगायचं असतं, असं आपल्याला वाटलं. चूल पेटवा म्हणताना लाकडं घाला म्हणून कुणी सांगतं का? पण ही चूल या घरात कुणी पाहिलेलीच नव्हती.

वकील बाहेर आले. दोन वाक्यांत त्यांच्या ध्यानात सगळं आलं आणि तिसऱ्या वाक्याला त्यांनी निकालही देऊन टाकला. गोजरबाईनं आपलं इंजिन खाल्लं. आपण स्वतः महादेवप्पांना जाऊन सांगू, तुमचा गडी निर्दोष आहे, दोष आमच्या मोलकरणीचा. गोजरबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. वीस वर्षांत त्यांच्या हातून कपबशी फुटली नव्हती.

येडू सुटला होता. आता नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायला त्याला कुणी शिकवायला नको, मेंढरांमागं दिवसचे दिवस तो गप्पच असायचा. पण त्या बाईचं तोंड त्याला बघवेना.

"साहेब, बाईंचं काय बी चुकलं न्हाय," तो म्हणाला. "मी धुवा म्हणलो, त्यांनी धुतलं. तेल भरा म्हणून मीच सांगितलं न्हाय. गाडी बघून डबा निवडला मी, पण घरात त्यो कुणाच्या हातात जानार, ते इचारलंच न्हाय. आमच्या महादेवप्पा अण्णांना मी माझ्या तोंडानं सांगतो."

वकील जरा वरमले. मग त्यांनी विचारलं, की तर मग आता कागदी फिल्टरच बसवायचा का? येडूला हसू आलं. अहो, कागद गोजरबाईंच्या हाती लागला तर पहिल्याच शनिवारी साबणाच्या पाण्यात बुडेल. उलट ज्या घरात एकही शनिवार न चुकवणारं माणूस आहे, त्या घरात तेलाच्या डब्यासारखा डबा नाही. त्यानं गोजरबाईंना भांड्याच्या आतली रेघ दाखवली. तेल इथवर. कमी नको, आणि जास्तीही नको, जास्ती झालं तर ओढ्यात गाडी कलली की इंजिन तेलच ओढतं आणि धुरानं बोंब होते. बाईंनी डोळे बारीक करून, धार धरून, रेघेला बरोबर तेल आणून थांबवलं. चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईला मापाचं काय सांगायचं?

त्या दिवशी ते माळावर दहा-बारा मैल हिंडले. धुळीचा लोट असा, की मागं बसलेल्या येडूच्या भुवया पांढऱ्या झाल्या. एका बाभळीखाली गाडी थांबवून त्यानं क्लीनरकडून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप सोडवला, बोटाला पांढरं फडकं गुंडाळून आत फिरवलं आणि वकिलांपुढं धरलं. फडकं पांढरंच होतं. भांड्यातल्या तेलात मात्र चांगला बोटभर चिखल बसला होता. माळढोक काही दिसला नाही, पण वकील घरी येईपर्यंत ते फडकंच बघत होते.

सोमवारी सकाळी येडूनं महादेवप्पांना सगळं सांगितलं. वकील काय म्हणाले ते नाही, आपण काय विसरलो ते. म्हणाला, अण्णा, चूक माझीच हाय, धुलाईला बसवा. महादेवप्पांनी हातातला पाना खाली ठेवला.

"या धंद्यात तीस वर्षं झाली मला," ते म्हणाले. "मी तरी कुठं कुणाला तेलाचं सांगितलंय?"

मग ते जे बोलले, ते येडूनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. येडू यायच्या आधी त्यांच्याकडं श्रीमंत नावाचा एक मिस्त्री होता. एका वर्षात त्यानं भरलेली दोन इंजिनं अशीच धुळीनं खाऊन परत आली. तुझ्या हाताला सफाई नाही म्हणून महादेवप्पांनी त्याला काढून टाकला. अण्णा, मी समदं धुतलं होतं, एवढंच तो परत परत म्हणत होता. आता अक्कलकोटात सायकलींची पंक्चरं काढतो, असं कानावर होतं.

"उद्या सकाळच्या गाडीनं त्याच्याकडं जातो," महादेवप्पा म्हणाले. "आला तर घेऊन येतो. तोवर गॅरेज तू बघ."

मंगळवारी गॅरेजाचं कुलूप येडूनं काढलं. मोहोळकडचा एक शेतकरी धूर ओकणारा ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला आणि मिस्त्री कुठं आहे म्हणून विचारू लागला. येडूनं हात पुसले आणि मीच, म्हणाला. मग इंजिनाला हात लावायच्या आधी त्यानं ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरचं भांडं सोडवलं. आत कोरडं ठणठणीत.

"हे तुमच्या घरात कोण धुतं?" त्यानं विचारलं.

शेतकरी बुचकळ्यात पडला. म्हणाला, म्हातारी धुते, आमची आई, का बरं?

"पुढच्या खेपेला त्यांना संगं घिऊन या," येडू म्हणाला. "मला त्यांच्याशी बोलायचंय."