बंड्याची डावी बाजू

डोळे मिटायचे, दोन बोटं बोक्याच्या जांघेत हळूच दाबायची आणि म्हणायचं, "थोभा ने." आमच्या डॉक्टरांची ही ठरलेली रीत. थोभा म्हणजे थांबा. तीन पिढ्या बडोद्यात काढलेल्या मराठी माणसाचं थांबणंही अर्धं गुजराती होतं. तुम्हालाही असा एखादा थांबवणारा भेटला असेल, तर माझा संताप कळेल.

दवाखाना खंडेराव मार्केटमागच्या गल्लीत, जिन्यावर. आमचा बंड्या सहा महिन्यांचा झाला आणि घरभर फवारे मारायला लागला, तेव्हा मी त्याला घेऊन गेले. नसबंदी करून टाका, म्हटलं.

"बाई, एकच अंड खाली आलंय. दुसरं वरच राहिलंय."

"मग आलंय ते काढा."

"थोभा ने. आतलं राहिलं तर हा बोकाच राहणार, मुतणारही तसाच. दोन्ही काढायची, नाहीतर एकही नाही. थोडा वाढू दे, महिन्याने आणा."

महिन्याने नेलं, तर वजन कमी भरलं. पुढच्या खेपेला सासूबाईंनी सकाळीच त्याला वाटीभर दूध पाजलं होतं. भरल्या पोटी भूल देत नाही, म्हणून परत. त्यानंतर बंड्या टेबलावर दोनदा शिंकला, म्हणून परत. दरवेळी ते कार्डावर बारीक अक्षरात काहीतरी लिहीत बसायचे आणि मी पिशवीतल्या बंड्याचं ओरडणं ऐकत उभी असायची. मला तर वाटायला लागलं होतं, की या माणसाला कापायचीच भीती वाटते.

इकडे बंड्याने नववीच्या उत्तरपत्रिका भिजवल्या. मी त्या गॅलरीत दोरीवर वाळवल्या आणि नाक दाबून तपासल्या. मग त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींचे नवे बूट गाठले. ते दारात येऊन शांतपणे म्हणाले, "बेन, रविवार सुधी. पछी बिलाडाने पादरा मूकी आवीशुं." रविवारपर्यंतच मुदत, मग बोक्याला पादरा गावी नेऊन सोडणार म्हटल्यावर सासूबाईंनी जेवण टाकलं. बंड्या त्यांच्याच पायाशी झोपायचा.

मी शुक्रवारी धावत दवाखान्यात गेले.

"मंगळवारी आणा," डॉक्टर म्हणाले. "माझी विद्यार्थिनी मंगळवारी येते. पोट उघडायचं, तर चार हात हवेत."

"मंगळवारी तो पादऱ्यात असेल!"

"थोभा ने, बाई."

मी थांबले नाही. तोंडाला येईल ते बोलले आणि जिना उतरले. ते मान खाली घालून कार्डावर लिहीतच होते.

त्याच संध्याकाळी सयाजीगंजातल्या एका चकचकीत दवाखान्यात अर्ध्या तासात काम झालं. तिथला डॉक्टर म्हणाला, "एक काढलं. दुसरं बहुतेक नाहीच." मला हेच ऐकायचं होतं. ऑपरेशनचा कागद दाखवून सेक्रेटरींना गप्प केलं. टाक्यांमुळे बंड्या चार दिवस शहाण्यासारखा वागला आणि मग पुन्हा सुरू.

डॉक्टरांकडे परत जायची लाज वाटत होती. दोन महिने मी गुपचूप शेजाऱ्यांची पायपुसणी धुतली. सेक्रेटरी पुन्हा दारात आले, तेव्हा मात्र मी दवाखान्यात गेले. जिना चढताना माफीची वाक्यं जुळवत होते.

खुर्चीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. "सर गेले," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले."

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. सयाजीगंजातलं ऑपरेशन सांगितलं, तसं तिने बंड्याला तपासलं. "खाली आता काहीच नाही. कोणत्या बाजूचं काढलं होतं?"

त्या कागदावर बाजू लिहिलेली नव्हती आणि मी विचारलीही नव्हती.

"मग पोटात दोन्हीकडे शोधावं लागेल," म्हणत तिने कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात सरांची कार्डं होती. बंड्याचं कार्ड तिने आधी मनात वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्यापुढे धरलं. शेवटच्या ओळी त्या शुक्रवारच्या होत्या:

"डावं उतरलेलं नाही. जांघेत लागत नाही, पोटात असणार. बाई घाईत आहेत, उजवं दुसरीकडे काढून आणतील. आल्या तर रागावू नये. आधी डावीकडे बघावं."

ते डावीकडेच होतं, वाटाण्याएवढं. तिला ते सापडेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर थांबून राहिले.