लिंबाची छाटणी आणि आमच्या घरचे शिंपी

आमचे हे शिंपी. कापड वाचवण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही. सदरा बेतून झाला की उरल्या चिंधीतून एक खिसा निघतोच निघतो. देवाने दिलेला गुण आहे, मी नावं ठेवत नाही. पण तोच गुण लिंबाच्या झाडाच्या मुळावर आला.

झाड दुकानाच्या दारातच आहे. हे काजं-बटणं त्याच्याखाली बसून करतात, गिऱ्हाइकंही तिथेच टेकतात. यंदा पानांवर, फांद्यांवर, लिंबांवरसुद्धा खरखरीत तपकिरी खवले आले. रोपवाटिकेतले मामा बघून म्हणाले, "हा खैऱ्या. रोगट फांद्या कापून जाळा, मग चुना-मोरचुदाची फवारणी करा. पावसाच्या आत आवरलं नाही तर झाड उपटावं लागेल. भिंतीपलीकडच्या बाईंच्या झाडालाही लागायचा."

उपटायचं ऐकून हे त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि छाटणी काय केली? खवला संपतो तिथे बरोब्बर कात्री. सूतभर जास्त नाही! काही दिवसांत त्याच टोकांवर पुन्हा खवले, पुन्हा सूतभर. मी प्रार्थनेला बसले की बाहेर यांची कचकच सुरू. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडावं, तर बाहेर पडायचं "अहो, पुरे!"

शेवटी तशीच उठून बाहेर गेले. "अहो, कसर लागलेलं कापड भोकाच्या कडेला कापता का?"

"छे! चार बोटं आत जावं लागतं. कसर दिसते त्याच्या पुढे गेलेली असते."

"मग इथे?"

"चांगली हिरवीगार फांदी आहे गं..."

"फांदी हवी की झाड?"

यांनी कात्री चार बोटं आत नेली. मग कापत सुटले. झाडाचा खराटा झाला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, फारच अंगासरशी बसवलंत की!"

पण फवारणी झाली, पाऊस सरला आणि नवी पालवी स्वच्छ आली. देवाची कृपा.

काल बाईंनी भिंतीवरून हाक मारली, "दादा, माझ्याही झाडावर ठिपके दिसतायत." हे गेले, ऐटीत छाटून आले, आणि तीच कात्री घेऊन थेट आपल्या लिंबाकडे!

"थांबा! त्या झाडाचा रोग आहे कात्रीवर, आधी स्पिरिटात बुडवा!"

"अगं, चिंधीला दोन थेंब लावून पुसतो ना."

मी बाटली घेतली आणि कात्रीवर उपडी केली.

"अगं, निम्मी बाटली गेली!" हे कळवळले.

देवा, तूच बघ.