रोगाची मर्जी

परदेशातल्या व्हिटबी गावी, ज्याने-त्याने आपला पदार्थ आणायच्या दिवाळी पॉटलकमध्ये शैलेंद्रने ओळखीतल्या माधवीचा हात धरला आणि सोडलाच नाही. "काय सुरेख हसतेस गं तू!" आजूबाजूचे हसले. माधवीही हसली, मग तिने हळूच हात सोडवून घेतला. त्याची बायको उल्का मसालेभाताचं पातेलं धरून तिथेच उभी होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण तिच्या हसण्याबद्दल या माणसाने कधी चकार शब्द काढला नव्हता. इंजिनिअर माणूस, अबोल, असं म्हणून तिने ते गोड मानून घेतलं होतं.

परतताना गाडी मुलगा चालवत होता. "आई, इट्स द डिसीज," निमिष म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय ना, जिभेवरचा ताबा सुटतो."

सांगितलं होतं खरं. मेंदूचा पुढचा भाग झिजत जातो, अगदी सावकाश. ओळख राहते, स्वभाव पालटतो. आणि हे घराण्यातून येतं. नागपूरला सासूबाई साठीनंतर दूधवाल्याला 'माझा राजा' म्हणायच्या आणि घरच्यांना शिव्या घालायच्या. तेव्हा लोक त्याला चळ म्हणत. निमिषने स्वतःची तपासणी अजून करून घेतली नव्हती. उल्काला त्याची काळजी वाटायला हवी होती. वाटतही होती. पण आत्ता डोळ्यांसमोर होता तो फक्त धरलेला हात.

"रोगच आहे ना? मग त्या रोगाला मी का दिसत नाही?"

निमिषने आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर शैलेंद्र चिवडा खात गुणगुणत होता.

त्या हिवाळ्यात तिने सगळं करून पाहिलं. केस रंगवले, ठेवणीतली जांभळी साडी नेसली, त्याच्यासमोर उगाचच हसली.

"तोंड मिट. दात दिसतात," तो म्हणाला.

तो तिला पुरता ओळखत होता, हेच वाईट.

जानेवारीत एका दुपारी बेल वाजली. दारात बूट झटकत माधवी, हातात गाजरहलव्याचा डबा.

"शैलेंद्रदादांना आवडतो म्हणाले होते. भेटू का जरा?"

"झोपलेत."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आलंय गं?"

दोघींनी तो ऐकला. माधवीने डबा पुढे केला आणि ती गाडीकडे वळली.

"कोणी नाही," उल्काने आत सांगितलं. मग ओट्याशी उभ्यानेच तिने सगळा हलवा संपवला. चांगला झाला होता.