आमच्या घरातलं ‘काहून’

अमरावतीच्या आमच्या घरात ‘काहून’ म्हणायला बंदी होती. बाबा वकील. कोर्टातल्यासारखी नेटकी भाषा घरातही हवी, हा त्यांचा हट्ट. माझ्या तोंडून ‘काहून’ निघालं की हातातलं काम थांबवून ते म्हणत, “‘का’ म्हणावं.” शेवटी मैत्रिणींमध्येसुद्धा मी ‘का’च म्हणायला लागले आणि त्या मला ‘पुणेकरीण’ म्हणून चिडवायला लागल्या.

बारावीनंतर मी कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा क्लास लावला. त्याच क्लाससाठी अकोल्याची माझी मावसबहीण आमच्याकडे राहायला आली. पहिल्याच जेवणात तिनं खुशाल ‘काहून’ म्हटलं. मी लगेच बाबांकडे पाहिलं. ते वरणावर तूप घेत होते.

दोघींची परीक्षा एकच, पण मला हवं होतं ते वेगळं. बाबांच्या ऑफिसबाहेरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली एका नावापुरती जागा मोकळी आहे. ती माझी, असं ते कधी बोलले नव्हते. मीच धरून चालले होते, आणि त्यांनी ते एकदा बोलावं म्हणून जिवाचं रान करत होते.

घात केला तो ‘युक्तिवादाला बळकटी देणारा पर्याय निवडा’ या प्रश्नांनी. जेवताना बाबा ते वाचून दाखवत. एकदा प्रश्न आला संत्र्यांचा. एका व्यापाऱ्यानं संत्री लाकडी पेट्यांऐवजी क्रेटमधून पाठवायला सुरुवात केली. त्या हंगामात माल कमी सडला. म्हणजे क्रेटमुळे सड कमी झाली. याला बळकटी कशानं येईल?

“आता बरेच व्यापारी क्रेट वापरतात, हा पर्याय,” मी घाईघाईनं म्हटलं.

“काहून पण?” बहीण म्हणाली. “क्रेटमुळंच काहून? त्या साली ऊन कमी असंन तर? मले तर तो शेवटचा बरोबर वाटून राहिला. त्याच ट्रकमधून काही माल पेट्यांतही गेला, अन् तो नेहमीसारखाच सडला.”

बाबांनी मांडीवर थाप मारली. “याला म्हणतात वकिलाचं डोकं!”

पुढच्या प्रश्नाला ते माझ्याकडे वळून, हसत म्हणाले, “हं, आता तू सांग. काहून?”

बाबांच्या तोंडून! हेवा वगैरे सभ्य शब्द झाले, मी जळत होते. मला ज्या शब्दासाठी टोकलं, तोच ती उधळत होती आणि वर शाबासकी घेत होती. आई म्हणाली, “अगं, शीक ना तिच्याकडून.” तेव्हा तर आईचाही राग आला.

त्यानंतर मी पुरावेच गोळा करायला लागले. बाबा तिला आधी विचारतात. तिच्या पोह्यांवर स्वतः शेव घालतात. तिचं चुकलं तरी ‘विचार चांगला होता’ म्हणतात. म्हणजे बाबांना तीच आवडते. क्लासमध्ये चुकणारी मी, इथे बळकटी देणारे पर्याय मला धडाधड सापडत होते.

निकाल लागला. दोघीही पास झालो, पण तिला पुण्याचं मोठं कॉलेज मिळालं आणि मला इथलंच. जाताना तिनं मला घट्ट मिठी मारली. “तुह्याशिवाय मले करमणार नाई,” म्हणाली, आणि ते खरं होतं, याचाही मला त्रास झाला.

ती गेल्यावर घरात जेवायला पुन्हा आम्ही तिघंच. बाबा भात कालवता कालवता म्हणाले, “पुढे ऑफिस तूच सांभाळायचं. पाटीवर तुझं नाव टाकू.”

ज्या वाक्यासाठी मी झुरले, ते हेच होतं. पण ते कानावर पडलं आणि मला त्या ट्रकमधल्या पेट्या आठवल्या. ती इथेच राहिली असती, तरी बाबा हेच बोलले असते?

“काहून?” मी विचारलं.

बाबांचा हात थांबला.

“‘का’ म्हणावं,” ते म्हणाले, आणि त्यांनी आईकडे ताक मागितलं.