तागडीसाहेबांचा पिठावरचा छापा

तागडीसाहेबांचं गिरणीवाल्या बाईंशी सूत जुळलंय, ही बातमी गल्लीत पिठासारखी उडाली. दर मंगळवारी हा निवृत्त माणूस पिशवी घेऊन गिरणीत जातो आणि तासभर हलत नाही, म्हणजे काय समजायचं? एकीनं तर त्यांना बाईंच्या ओट्याखाली वाकलेलं पाहिलं होतं. ओट्याखाली वाकून कोण प्रेम करतं, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नाही.

खरी गोष्ट इतकी रसाळ नाही. साहेब ओट्याखाली चाळण शोधत होते.

साहेबांनी उभी हयात वजनमापं तपासण्यात घालवली. खोटी वजनं, खालून मेण लावलेली तागडी, काट्यावर हळूच टेकलेली करंगळी, सगळं पाहिलेलं. म्हणून तर हे टोपणनाव पडलं. जगातला प्रत्येक माणूस चोर असतो, फक्त काहींवर अजून छापा पडलेला नसतो, हे त्यांचं ठाम मत. छाप्याआधी कुणापाशी वाच्यता करायची नाही, हा दुसरा नियम. बायकोपाशी तर नाहीच.

यंदा छातीत कळ आली आणि साहेब टरकले. थोरला भाऊ साठीच्या आत हृदयानंच गेला होता. यांना एकोणसाठावं चालू. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळी दिली आणि एक गहू तळहातावर ठेवला.

"वरचं साल म्हणजे कोंडा. टोकाला हा अंकुर. बाकी सगळा पांढरा गर. तुम्ही आयुष्यभर गरच खात आलात. आता दाणा अख्खा पोटात जाऊ दे. गव्हात थोडा जव मिसळा. गोळीही चालूच ठेवायची. तीन महिन्यांनी चरबीचा आकडा बघू. उतरला नाही, तर गोळी दुप्पट."

साहेबांनी घरी एवढंच जाहीर केलं, "आजपासून दळण मी आणणार." का, ते नाही सांगितलं. बायकोनंही नाही विचारलं. बसल्या जागी चहा मागणारा नवरा आपणहून पिशवी उचलतोय, तर चौकशी करून मोडता कशाला घाला?

तीन महिने गेले. आकडा जागचा हलला नाही. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कोंड्यासकट खाताय ना?" साहेबांनी छातीवर हात ठेवला. शपथ म्हणून की कळ म्हणून, देव जाणे. त्यांनी कशीबशी आणखी दीड महिन्याची मुदत मिळवली.

कोंडा मध्येच कुठेतरी चोरीला जात होता, यात त्यांना शंका उरली नाही. पहिला संशय अर्थात गिरणीवर. गिरणीवाल्या बाई जोत्यावर बसून बघत राहिल्या आणि साहेबांनी स्वतःचा काटा लावून दळणाआधी आणि दळणानंतर वजन केलं.

"दाणे पाच किलो. पीठ चार किलो नऊशे साठ. चाळीस ग्रॅम कुठे गेले?"

"तुमच्या मिशीवर बसलेत, साहेब. आरसा देऊ?"

साहेबांनी मिशी पुसली आणि ओट्याखाली डोकं घातलं. हाच तो बदनाम प्रसंग.

"अहो, बाहेर या! माझ्या गिरणीत चाळणच नाही. दगडात पडलं ते पिशवीत आलं. घरी घास कसा लागतो, ते सांगा."

"लोण्यासारखा," साहेब अभिमानानं म्हणाले.

बाई हसून हसून खोकल्या. "माझं पीठ लोण्यासारखं? साहेब, चोर घरात शोधा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब फिरायला म्हणून निघाले आणि मागच्या दारानं परतले. स्वयंपाकघराच्या खिडकीत चिमण्यांची ही गर्दी! एकेक चिमणी वाटीएवढी. आत बायको गाणं गुणगुणत बारीक चाळणीतून पीठ चाळत होती. चाळून झाल्यावर तिनं उरलेला कोंडा खिडकीच्या कठड्यावर झटकला. गेले तीन महिने साहेबांच्या हृदयाचं औषध चिमण्या खात होत्या.

"सापडलीस!" साहेब दारातून गरजले.

ती दचकली नाही. चाळणीवर एक टिचकी मारून म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तुम्ही ताट सरकवून विचारलंत, पिठात लाकडाचा भुसा घातलायस का? त्या दिवसापासून चाळतेय. एकतीस वर्षं. हात दुखला तरी चाळलं. त्यात माझं काय चुकलं?"

साहेबांनी खिशातून रक्ततपासणीचे दोन्ही कागद काढून तिच्यापुढे धरले. तिनं ते वाचले. आधी डोळे पुसले, मग पदर खोचला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं? मी काय खोटं वजन होते?"

त्या दिवसापासून चाळण माळ्यावर गेली. घास खरखरीत झाला, जेवायला दुप्पट वेळ लागू लागला आणि चिमण्यांनी दुसरं घर धरलं. दीड महिन्यानं आकडा खाली आला. फार नाही, पण गोळी दुप्पट होण्यातून सुटका झाली.

मंगळवारी साहेब पिशवी घेऊन गिरणीत गेले. या वेळी बायकोही सोबत होती, त्यामुळे गल्लीचा चांगलाच हिरमोड झाला. गिरणीवाल्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं बघत विचारलं, "काय साहेब, सापडला का चोर?"

साहेब म्हणाले, "सापडला. एकतीस वर्षांपूर्वी ताट सरकवून बसला होता. आता दोन्ही वेळा शिक्षा भोगतोय, चावून चावून."